ट्रान्झिस्टरची शिक्षा

"तुमी त्या लेकराचं वाटोळं करणार बगा," एस.टी.नं मोहोळ सोडलं तशी नीलम्मा पुन्हा सुरू झाली.

"आन् तू डोक्यावर बसवलंस ते?" नवरा खिडकीबाहेर बघतच म्हणाला.

नीलम्माचं डोकं सणकलं. कसला बाप म्हणायचा हा! आत कोण बोलतं ते बघायला सात वर्षांच्या चन्नूनं नवा ट्रान्झिस्टर उघडला. एवढंच की! तर रेवणसिद्धनं त्याला बखोटीला धरून कोठीच्या खोलीत कोंडलं, बाहेरून कडी घातली आणि वऱ्हाडाचा ट्रक भरायला गेला. तेही नणंदेच्या लेकीच्या लग्नाला निघायच्या दिवशी.

"मी शिक्षा करायची आन् तू मागनं लाड करायचे. घरात माझ्या शब्दाला किंमतच न्हाय," तो म्हणाला.

"आज मधी पडले का मी? एक शब्द काढला? सरळ देवळात गेले की!"

तो मिशीतल्या मिशीत हसला. तिला आणखीच संताप आला. खरं बोललं तरी हसतंय मेलं!

ती देवळातून परतली तेव्हा ट्रक निघून गेला होता. घर गपगार. कुलूप लावून ती स्टँडवर आली, तो दुकान बंद करून परस्पर आला. तेव्हापासून दोघांची जुंपली होती.

"पुढच्या साली त्याला हॉस्टेलात टाकतो."

"टाका की! मग मलाबी टाका!"

पुढच्या बाकावरची म्हातारी वळून बघायला लागली. वैशाखाचं ऊन, एस.टी.चा पत्रा नुसता रसरसत होता.

वेळापूर मागं पडलं तसा रेवणसिद्ध हळूच म्हणाला, "मीबी जरा जास्तच करतो, नीला."

तिचाही राग निवळला. "ऱ्हाऊ द्या. तुमी केलेली शिक्षा मी मोडायला नको होती इतकी वर्सं. आता न्हाय मोडणार." मग तिला आठवलं. "ट्रकात बसवताना त्याला काय खायला दिलं का? सकाळपासनं उपाशी हाय."

"मी कुटं बसवलं? तुज्यासंगं गेला न्हवं देवळात? तितनंच ट्रकात..."

"माज्यासंगं? अहो, कडी तुमीच काढली न्हवं?"

रेवणसिद्ध बाकावरून ताडकन उठला.

"तू काढतीस म्हणून तर मी घालतो की, नीला."