पहिला शब्द

तीस वर्षं मी झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर आहे. नायिका अडखळली की विंगेतून फक्त पहिला शब्द द्यायचा, पुढचं ती बोलते. ‘मान नाही तिथे मी नांदणार नाही’ हे वाक्य तर शेकडोदा दिलं असेल. माझी रीना लहान असताना मांडीवर बसून माझ्यासोबत पुटपुटायची.

यंदा ती सासरचा मार खाऊन घरी आली. आठव्या दिवशी जावई चामोर्शीहून न्यायला आला.

“येते का नाई?” त्यानं अंगणातूनच विचारलं.

रीनानं वळून माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण आवाज फुटेना.

मी दाराआडून हळूच म्हटलं, “हो म्हन, बाई.”

“हो,” ती म्हणाली.

मी नुसतं ‘मान’ म्हटलं असतं, तरी पुढचं तिला पाठ होतं.