कागदवाल्या

"नुसता कागद?" ठमीच्या आईने तो उलटासुलटा करून पाहिला. "आणि माझ्या धाकट्या जावेला दर शनिवारी वर्ग?"

"चिठ्ठीत तसं निघालं, ताई," संशोधिका बाई म्हणाल्या. "दम्याच्या मुलांना औषधाची सवय कशी लावायची, हे निम्म्या आयांना आम्ही शिकवणार. उरलेल्यांना फक्त माहितीचा कागद. वर्षभर सगळ्याच मुलांचा श्वास मोजायचा. शिकवलेल्यांची मुलं पुढे गेली, तर वर्गाचा उपयोग आहे हे सिद्ध होईल. मग तुमची पाळी. शाळांनाही औषधाचा पंप मुलांजवळ ठेवू देण्याचा आदेश जाईल."

"आणि तोवर माझ्या पोरीने काय, श्वास उसना आणायचा?"

बाई चष्मा पुसत राहिल्या.

ठमीची आई बसवर कंडक्टर होती. भांडखोर उतारूंना तिने आजवर सरळ केलं होतं, पण इतक्या गोड आवाजात तिला कुणी वाटेला लावलं नव्हतं. घरी पोचेपर्यंत तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

ठमी सात वर्षांची. सकाळ-संध्याकाळ पंप ओढायचा, आणि दोन्ही वेळा घरात रणधुमाळी. पोरगी दात घट्ट मिटून खाटेखाली शिरायची आणि आई पालथी पडून तिला ओढायची. शाळेत तर आणखी तऱ्हा. पंप कचेरीतल्या कपाटात कुलूपबंद. मागच्या महिन्यात खेळताना ठमीला धाप लागली, तेव्हा किल्लीवाला शिपाई चहाला गेलेला. पोरगी वीस मिनिटं पायरीवर बसून श्वासासाठी तडफडत होती. "पंप दप्तरात ठेवायचा तर वरून आदेश आणा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. आदेश अडला होता संशोधनावर आणि संशोधन अडलं होतं चिठ्ठीवर. याला काय म्हणावं!

पहिल्या शनिवारी जाऊ वर्गातून परतली, तशी ठमीची आई तिच्यामागून वरच्या मजल्यावर गेली.

"बोल. काय शिकवलं?"

"अहो ताई, बाहेर सांगणार नाही म्हणून सही केलीय मी. कळलं तर काढून टाकतील."

"सही कागदावर केलीस ना? पोरगी घरातली आहे."

जावेने दार लोटून घेतलं आणि हळूच सांगू लागली. धमकी द्यायची नाही. पंप दात घासायच्या ब्रशाशेजारी ठेवायचा, म्हणजे एकापाठोपाठ दुसरं आपोआप होतं. आधी बाहुलीला द्यायचा, मग स्वतः घ्यायचा. आणि आठवड्याने मुलाने बापाला शिकवायचं.

ठमीच्या बापाने मुद्दाम पंप उलटा धरला.

"बाबा, असं नाही हो! आधी हलवायचा!" ठमी ओरडली आणि खाटेखाली शिरायचं विसरली ते विसरलीच.

दुसरी एखादी बाई एवढ्यावर गप्प बसली असती. ही कसली बसते! दर महिन्याला मुलांना नळीत फुंकायला लावून श्वास मोजत, त्या दिवशी कागदवाल्या आया व्हरांड्यातल्या बाकावर ताटकळत असायच्या. तिने त्यांना तिथेच धडे द्यायला सुरुवात केली. कुणी बसमध्ये भेटली, तर तिकीट फाडता फाडता उजळणी. "बाहुलीला दिलास का? नवऱ्याला शिकवलं का पोराने? बरं, पुढे सरका!" वर्ष संपेस्तोवर कागदवाल्यांच्या एकाही घरात धडधाकट बाहुली उरली नव्हती.

कागदवाल्यांच्या मुलांचे आकडे चढत गेले. बाई आकडा लिहायच्या, पुन्हा फुंकायला लावायच्या, पुन्हा लिहायच्या. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या पाहून ठमीच्या आईला मनातून गुदगुल्या व्हायच्या. बघा म्हणावं, टाकून दिलेल्यांची पोरं!

अखेरच्या बैठकीला सगळ्या आयांना एका खोलीत बसवलं. दारातच ठमीच्या आईने आपल्या बायकांना दटावलं, "कुणी ब्र काढायचा नाही. कळलं तर आपली पाळी जाईल, शाळेचा आदेश जाईल आणि माझी जाऊ फुकट बदनाम होईल."

संशोधिका बाई थकलेल्या दिसत होत्या. "एकच विचारायचंय," त्या म्हणाल्या. "कुणावर राग नाही. वर्गात शिकवलेलं काही, थोडंसुद्धा, कागदवाल्या आयांपर्यंत पोचलं का?"

जावेने मान खाली घातली. तिचे कान लाल झाले होते. आता ही रडते की काय, असं वाटून ठमीची आई ताडकन उठली. वर्षभराचा संताप तिच्या तोंडी आयताच होता.

"पोचलं? आमच्यापर्यंत? पोरं धापा टाकत होती तेव्हा तुम्ही आमच्या हातावर कागद ठेवलात! एक शब्द कुणी सांगितला नाही आम्हाला. जे केलं ते आमच्या अकलेने. लिहून घ्या!"

"हो, हो, लिहून घ्या!" मागच्या बायका म्हणाल्या.

बाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला. खाली तारीख घातली.

"आता आमची पाळी कधी ते सांगा," ठमीची आई उभ्यानेच म्हणाली. "आणि शाळेला आदेश कधी जाणार?"

"तेवढी एकच शंका होती, ती तुम्ही दूर केलीत," बाईंनी वही मिटली. "शिकवलेल्या आयांची मुलं आणि न शिकवलेल्या आयांची मुलं, दोहोंत तसूभर फरक नाही. म्हणजे माझ्या शिकवण्याचा काही उपयोग नाही. वर्ग आजपासून बंद, आणि शाळांना काही कळवण्याचं कारण उरलेलं नाही."