चार बोटं रुंद

इस्पितळांचे पलंग बनवणाऱ्या कारखान्यात साहेबांना नवा पलंग आधीपेक्षा चार बोटं जास्त रुंद हवा होता. बावीस वर्षं तिथे नकाशे काढणाऱ्या बाईंनी आठ दिवस मागितले. "गादी वाढली की सांगाडा वाढतो, कठडे बाहेर सरकतात, चाकंही बदलावी लागतात. कुठे काय अडतंय ते तपासून देते."

"बाई, पलंग रुंद करायला सांगितलाय, पुराण लावू नका," असं म्हणून साहेबांनी बदलाच्या फॉर्मवरच्या 'इतर गोष्टींवर परिणाम' या रकान्यात स्वतःच 'नाही' लिहिलं आणि सही ठोकली.

पहिले साठ पलंग इस्पितळात पोचले त्याच आठवड्यात तिथल्या नर्सचा फोन आला. ऑपरेशन झालेली एक पेशंट पलंगासकट वॉर्डच्या दारात अडकली होती. कठडे चौकटीत असे रुतले की तिला चादरीत उचलून आत न्यावं लागलं. त्यात टाके उसवले.

बाईंनी फोन साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, घसा खाकरला आणि विचारलं, "पण सिस्टर, दारं एवढी अरुंद कशी ठेवलीत तुम्ही?"