भरपूर बर्फ

“ताई, लाइट गेली तर बाटलीवर बर्फ तेवढा टाकजा. मी बाभुळगावले जाऊन येतो. कपाशीच्या बियाण्याची रांग हाये, बाबाच्या जागी उभं राहा लागते,” असं म्हणून मोनाली गेली. यवतमाळच्या कॉलेजातल्या त्या प्रयोगशाळेत कुंदा एकटी उरली.

बाटलीत जंतूंचा रस होता. वणीकडे कोळशाचा एक ढीग वर्षानुवर्षं धुमसतोय, त्याच्या पायथ्याच्या कढत, आंबट पाण्यात हे जंतू गंधक खाऊन जगतात. त्यांना गंधक पचवून देणारं एन्झाइम बाकीच्या सतराशे साठ प्रथिनांतून एकटं वेगळं काढायचं, ही मोनालीची पीएचडी. आधी ती कुंदाची होती. घासून घासून जमलं नाही, तेव्हा सरांनी विषय काढून या राळेगावच्या पोरीला दिला. धड ‘का’ म्हणता येत नाही, ‘काहून’ म्हणते, आणि सर मात्र दिवसभर मोनाली, मोनाली! कुंदाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

दुपारी भारनियमन सुरू झालं. प्रथिनं उष्णतेने नासतात, म्हणून प्रथिन म्हटलं की बर्फ, ही सरांची शिस्त. कुंदाने बर्फाच्या पेटीकडे पाहिलं, बाटली उचलली आणि खिडकीबाहेरच्या पत्र्यावर उन्हात ठेवली. मे महिन्यातला पत्रा तो, बोट लागलं तर फोड यावा. मर मेल्या, ती म्हणाली. उन्हं कलल्यावर तिने बाटली पेटीत ठेवली आणि वर बर्फ लोटला.

सकाळी रस दुधासारखा फाटलेला. मोनालीचे डोळे भरून आले. कुंदाला कधी नव्हे इतकं बरं वाटलं. पण पोरगी चिवट. तिने गाळ खाली बसवला, वरचं पाणी तपासलं आणि ओरडलीच.

“सर! जित्तं हाये! अन् एकटंच हाये!”

कुंदा बघतच राहिली. कढत पाण्यातलं ते, त्याला उन्हाचं काय? बाकीची सगळी प्रथिनं उन्हाने फाटून गाळात गेली, हे तेवढं तरलं. आणि ती इतकी वर्षं त्याला बर्फात जपत बसली होती!

“ताई, तुमी काय केलं याले?”

“मी काय करणार? बर्फ टाकला.”

“तुमच्या बर्फानंच वाचलं, ताई!” मोनाली तिच्या पायाच पडली. “मले हे आता पुन्हा करून दाखवा लागन. या बारीले दुप्पट बर्फ आणू का?”

कुंदाने तोंड उघडलं. तेवढ्यात आतून सरांची हाक आली, “मोनाली!”

“आण,” कुंदा म्हणाली. “भरपूर आण.”