बसा ना, मामा

“आजपासून या लाँड्रीत कुणी कुणाला घाबरणार नाही,” नव्या मॅनेजरने भारदस्त आवाजात जाहीर केलं. जाहीर केलं ते संडासाबाहेरच्या आरशासमोर. मागच्या बंद दारातून इस्त्री खात्यातल्या मामांचा आवाज आला, “नाही घाबरत. तेवढा नळ बंद करा, पाणी वाया चाललंय.”

मॅनेजरने नळ बंद केला आणि काढता पाय घेतला.

पद नवं, शाखा नवी, आणि पहिल्याच दिवशी वरून हुकूम: संध्याकाळपर्यंत एकाला कमी करा, कुणाला ते तुम्ही ठरवा. आधीचे साहेब ओरडून काम करून घेत, असं त्याच्या कानावर आलं होतं. आपली पद्धत वेगळी. प्रशिक्षणात शिकवलं होतं, माणसाला आधी बसवावं, मग बोलावं. त्याने कोठारातून गादीची एक खुर्ची आणवली, स्वतः पुसली आणि टेबलासमोर मांडली. एकेकाशी बोलायचं, मगच नाव ठरवायचं. सुरुवात मामांपासून, कारण मामांना काढायचा प्रश्नच नव्हता. इस्पितळांच्या चादरी त्यांच्याइतक्या झपाझप कुणाच्या हातून निघत नव्हत्या. सुरुवात गोड व्हावी, एवढाच हेतू.

“बसा ना, मामा.”

मामांनी खुर्चीकडे पाहिलं. मग मॅनेजरकडे.

“बसा हो. संकोच कसला?” मॅनेजर तोंडभर हसला.

मामा खुर्चीच्या कडेवर टेकले. खिशातून कपाटाची किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. गळ्यातलं ओळखपत्र काढलं, त्याची दोरी नीट गुंडाळली आणि तेही किल्लीशेजारी ठेवलं.

“हे काय?”

“आधीच्या साहेबांनी कुणाला कधी बसवलं नाही. बसवलं ते काढतानाच. ही खुर्ची आत नेताना दिसली, तेव्हाच सगळ्यांनी ओळखलं. तुमची पद्धत बरी आहे पण. ते शिव्या घालून काढायचे. तुम्ही हसून काढलंत.”

‘अहो, तुम्हाला नाही काढलेलं,’ हे मॅनेजरच्या अगदी ओठांवर आलं. आणि तिथेच अडलं. रडारड नाही, आरडाओरडा नाही. सकाळपासून जे नाव त्याला ठरवायचं होतं, ते आपल्या पायांनी चालत आलं होतं.

मामा अजून बसून होते. आणखी काही ऐकायला मिळेल, अशा आशेने.

“पाणी घेणार?” मॅनेजरने विचारलं.

“नको.”

उठल्यावर मामांनी गादीवर पडलेली सुरकुती सवयीने हाताने सपाट केली आणि ते गेले.

मॅनेजरने किल्ली खणात टाकली. आता बाकीच्यांना फक्त सांगायचं, तुमची नोकरी शाबूत आहे. त्याने पुढची हाक मारली. चादरींच्या घड्या घालणारी बाई दारात आली.

“या ताई. बसा ना.”

तिने खुर्चीकडे पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

“साहेब,” ती म्हणाली, “मी उभी राहिले तर चालेल का?”