फुगलेला झोत

झोत भरून तयार होता, पण आबा टेबलावर झोपत नव्हते. तालुक्याच्या इस्पितळाखालच्या गोल बोगद्यात कार्बनचे आयन फिरत होते. आबांच्या डोळ्यामागची गाठ त्या आयनांच्या झोतानेच जाळायची होती. "राहुकाळ संपू दे, मग झोपव," आबांच्या बहिणीने, मोठ्या आत्यांनी, बजावलं होतं, आणि काचेपलीकडे जमलेल्या भावकीने माना डोलावल्या होत्या.

यंत्र चालवायला बसलेली शलाका आबांची धाकटी सून. थांबावं लागणार म्हणून तिने आज मुद्दाम दुप्पट आयन भरले होते. थांबण्यात काही निसटले तरी पुरावेत. आता स्क्रीनवरची झोताची रेघ जाड होत चालली होती. सगळे आयन एकाच विद्युतभाराचे, दाटीवाटीने धावताना एकमेकांना ढकलत होते. रेघ आणखी थोडी फुगली, तर गाठीबरोबर डोळ्याची नसही जळणार होती.

तिने माइक ओढला. "आत्या, आता तरी?"

"अजून थोडा वेळ."

शेवटी बटण दाबून शलाकाने अख्खा झोत बोगद्याच्या जाड भिंतीत सोडून दिला. काचेवर टकटक सुरू झाली.

"काय केलंस गं?" आबांनी विचारलं.

"फेकला. मीच गर्दी केली, आबा. आता थोडेच आयन भरते. झोत बारीक राहील, पण तुम्हाला बराच वेळ न हलता पडावं लागेल."

आबा काचेकडे बघत राहिले. मग स्वतःच टेबलावर चढून आडवे झाले.

"पडतो. पण आधी त्या काचेवरचा पडदा ओढ. यांच्यासमोर मी स्थिर राहायचो नाही."