एका दमात टिरोल

वीबेने नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि त्याच्या चारही कोपऱ्यांवर कॉफीचे कप ठेवले. गाडीत रस्ता सांगणारी बाई होती, फोनमध्येही होती. पण ऑस्ट्रियात, आल्प्सला बर्फात घसरायला जायचं म्हटलं, की वीबेला कागदच लागे. ती बाई काय, कुणालाही रस्ता सांगते, असं त्याचं म्हणणं.

"शुक्रवारी जेवलो की निघायचं," तो मुलाला, येल्मरला म्हणाला. "शनिवारी अख्खं हॉलंड रस्त्यावर उतरतं, बसू देत त्यांना खोळंबून. आपण कलोन, फ्रांकफुर्ट, वुर्ट्सबुर्ग, उल्म, की लागलाच घाट. उजाडता उजाडता टिरोल. एका दमात!"

त्याची बायको आफ्के ओट्याशी संध्याकाळचे बटाटे सोलत होती. सहलीचे बटाटे वेगळे, पोत्यात बांधून ठेवलेले. ऑस्ट्रियात बटाटे मिळत नाहीत अशी या गल्लीची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे.

एका दमात जाण्याची मोठी मिजास होती वीबेला. कुणाच्या वाढदिवसाला खुर्च्यांचं कडं करून सगळे बसले, की पुरुषांचा विषय एकच: कोण कुठवर न थांबता गेलं. त्या कड्यात वीबेला अजून जोड मिळाली नव्हती. वाटेत हॉटेलात झोपणाऱ्या शेजाऱ्याला तो 'आजोबा' म्हणून हाक मारी. शेजारी वयाने त्याच्याहून बराच लहान होता.

या वर्षी मागच्या सीटवर दोघी नाती असणार होत्या. येल्मर आणि त्याची बायको कामं उरकून रेल्वेने मागाहून येणार होते.

"या खेपेला उल्मला मुक्काम करू या," आफ्के म्हणाली.

"मुक्काम?" वीबेने चष्म्यावरून पाहिलं. "तुला कशाला हवाय मुक्काम? तू तर सीमा ओलांडली की घोरायला लागतेस!"

येल्मर खो खो हसला. आफ्के हसली नाही.

गेल्या वर्षी ती घोरत नव्हती. वुर्ट्सबुर्ग मागे पडलं होतं, झुंजूमुंजू व्हायचं होतं, आणि गाडी हळूहळू कठड्याकडे सरकत होती. तिने वळून पाहिलं तर वीबेची हनुवटी छातीला टेकलेली. तिने हात घालून स्टिअरिंगचं चाक ओढलं. तो दचकून सावरला आणि म्हणाला, "वारा सुटलाय बघ." झाडाचं पानही हलत नव्हतं. त्यानंतर दोघांपैकी कुणीच तो विषय काढला नाही. पण तो कठडा तिच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. आणि आता तर मागे दोघी पोरी बसणार होत्या.

"आई, तू उगाच काळजी करतेस," येल्मर म्हणाला. "इतकी वर्षं बाबा गाडी हाकतायत. कधी एकदा तरी डोळा लागलाय का त्यांचा? तूच सांग."

आफ्केने सुरी खाली ठेवली. खरं सांगितलं, तर येल्मर पोरींना त्या गाडीत पाऊल ठेवू देणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही. वीबेचं काय होईल ते तिला दिसत होतं. तो नकाशाची घडी तळहाताने सपाट करत होता. घडी केव्हाच सपाट झाली होती.

"उल्मला मुक्काम," ती म्हणाली. "नाहीतर पोरींना घेऊन मी रेल्वेने येते. तू जा एका दमात."

"अगं, एवढं झालंय तरी काय?" येल्मरने विचारलं.

"माझी पाठ," आफ्के म्हणाली. "इतका वेळ बसवत नाही आता."

वीबेने उल्मवर बोट ठेवलं. मग ते नकाशावरून मागे मागे नेलं, वुर्ट्सबुर्गच्याही अलीकडे आणून थांबवलं.

"उल्म नको," तो म्हणाला. "वुर्ट्सबुर्गच्या अलीकडेच झोपू."

"अलीकडे?" येल्मर ओरडलाच. "बाबा, जेमतेम निम्मा रस्ता झालेला असेल तोवर! गल्लीतली माणसं काय म्हणतील? आईच्या पाठीसाठी एवढं?"

"हो," वीबे म्हणाला. त्याचं बोट अजून नकाशावरच होतं. "मागच्या वर्षी तिथून पुढे गेल्यावरच दुखायला लागली होती तिची."